आधी हलेल त्याने माफी मागायची

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी पत्र पाठवून मला फैलावर घ्यायला नको. ह्या सदरात दर महिन्याला जे छापून येतं - पिंपळाखालची बाई, उलट्या पावलांचा पाहुणा, बंद खोलीतली पैंजणं - त्यातलं अक्षरही मी मानत नाही. आमच्या घरात ती सोयच नाही. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या वर्षी देव, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या असं सगळं एका गाठोड्यात बांधून त्यांनी नदीत सोडलं, आणि आम्हा भावंडांना दम भरला की भूत बघितलं असं जो घरात येऊन सांगेल त्याची भुताआधी माझ्याशी गाठ आहे. त्यामुळे मी भुताला भीत नाही. वडिलांना मात्र भितो. ते जाऊन वीस वर्षं झाली, तरी हे लिहिताना एकदा दाराकडे बघून घेतलं.

तरी लिहितोय. गोष्टीला सात वर्षं झाली आणि मी ती बायकोला इतक्यांदा ऐकवली, की परवा ती म्हणाली, "माझं डोकं खाण्यापेक्षा त्या मासिकवाल्यांचं खा."

मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. नाव नामदेव. उंची पाच फूट तीन इंच. रागाची उंची कधी मोजलेली नाही, पण ती जास्त भरेल. आणि त्यातला निम्मा राग त्या काळात एकाच माणसासाठी राखून ठेवलेला होता - माझे साडू मधुकरराव. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. अंबरनाथला एका केमिकल कंपनीत सुपरवायझर, राहायला अंबरनाथ पूर्वेला, उंच सहा फूट, आणि बोलायला उभे राहिले की आणखी फूटभर वाढायचे.

आमचं बिनसलं ते बदलापूरला, सासऱ्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात. आमच्यात अशा वेळी नातेवाईक उभे राहून गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. मी दोन पानं लिहून नेली होती. सासऱ्यांनी मला शिलाई मशीन घेऊन दिलं होतं, त्याची आठवण होती त्यात. आधी उठले मधुकरराव. पाऊण तास बोलले. सासऱ्यांबद्दल पाच मिनिटं, स्वतःबद्दल चाळीस. मग मी उठलो, कागद उलगडला, तेवढ्यात ह्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि सांगितलं, "जेवण थंड होतंय. मास्तरांचं मनोगत आपण पुन्हा कधीतरी ऐकू."

पुन्हा कधीतरी? सासरे काय दर वर्षी जाणार होते?

मग जेवणाच्या पंगतीत मी, जरा मोठ्यानेच, म्हणालो, "हे भाषण ऐकायच्या आधी सासरे गेले, हे एक बरं झालं." पंगत हसली. मधुकररावांनी पान तसंच टाकलं आणि उठून गेले. त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही, एकमेकांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही, आणि बायकांनाही ठेवू दिला नाही. सख्ख्या बहिणी, दोन गावांत एका रिक्षाचं अंतर, आणि भेटायच्या कुठे? भाजीबाजारात. चोरून.

अशात मधुकररावांच्या वैशालीचं लग्न ठरलं.

"माझ्या भाचीचं लग्न आहे. मी जाणार," सुनंदा म्हणाली.

"त्याने माफी मागितली की जा."

"आणि ते म्हणतात तुम्ही मागा."

"मग राहिलं."

"अहो, ती पोर माझ्या मांडीवर वाढलीय!"

मी पेपर तोंडापुढे धरला. त्या आठवड्यात मला आमटीत मीठ मिळालं नाही. कधी कधी आमटीही मिळाली नाही.

ह्या तापात मी कामावर एक पराक्रम केला. जीन्सचं कापड थरावर थर अंथरून एकदम कापतात. उजव्या पायाचा नमुना ठेवून कापला, की तो पालथा करून डावा कापायचा. हे नवशिक्यालाही सांगावं लागत नाही. मी मनातल्या मनात मधुकररावांना उत्तर देत मशीन चालवली आणि साठ पँटी कापल्या - एकशे वीस पाय, सगळे उजवे.

सेठ बघायला आला. दोन पाय उचलून एकमेकांवर ठेवून बघितले. मग म्हणाला, "मास्टर, ऐसा आदमी किधर मिलेगा जिसका दोनो पैर राइट है? पहले माथा ठंडा कर, साईं. फिर कैंची पकड़." आणि एक कॅसेट हातात ठेवली. ध्यानाची. त्याचं बीपी म्हणे तिनेच उतरलं होतं.

मी घरी टेपरेकॉर्डरपुढे मांडी घालून बसलो. कुणीतरी तुपात तळल्यासारख्या आवाजात सांगत होता, "शरीर को ढीला छोड़ दीजिए..." मी सोडलं. एवढं सोडलं की सुनंदाने हलवून उठवलं तेव्हा कॅसेटची एक बाजू संपून गेली होती आणि मी घोरत होतो. दुसऱ्या दिवशी टेपने फीत खाल्ली. ध्यान शिकवणाऱ्याचा आवाज बैलासारखा जाड झाला आणि तिसऱ्याच शब्दाला बंद पडला. मला म्हणाल तर तोच त्या कॅसेटचा सगळ्यात शांत क्षण होता.

तेव्हा सुनंदा अगदी सहज म्हणाली, "अंबरनाथला विहाराच्या वरच्या हॉलमध्ये एक बाई दर रविवारी सकाळी ध्यानाला बसवतात. समोर बसून, सगळ्यांना एकत्र. जाऊन तर बघा." ती इतकं सहज कधीच बोलत नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पांढरी साडी, हातात छडी नाही, पण आहे असंच वाटायचं. हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या चटया अंथरलेल्या, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, सगळी मिळून पंचवीस-तीस माणसं. मी जागा धरून बसलो. आणि मागून आवाज आला, "हल्ली इथे कुणालाही घेतात वाटतं."

बरोबर माझ्या पाठीमागे मधुकरराव. त्यांना साखरेचा आजार होता. कमलताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना आणून बसवलं होतं. मी डावीकडे बघितलं. बायकांच्या रांगेत सुनंदा आणि कमलताई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, आणि दोघींचे डोळे आधीच मिटलेले. इतकी गाढ साधना मी पुन्हा पाहिली नाही.

उठून जाणार होतो. पण आधी उठलो तर त्याचा अर्थ काय झाला असता?

आता बाईंच्या वर्गाबद्दल खरं ते लिहितो, कारण माझ्यासारख्या खवट माणसालाही ते मान्य करावं लागलं. कॅसेटला तुम्ही दिसत नाही. बाईंना दिसता. "श्वास येतोय... येऊ दे. जातोय... जाऊ दे," असं चाललेलं असताना त्या त्याच सुरात म्हणायच्या, "खिडकीपाशी बसलेले, खांदे खाली. तिसऱ्या रांगेत झोप लागलीय, जागे व्हा." तिसऱ्या रांगेतला मी. आणि दुसरं, एकट्याने घरी बसलो की पाच मिनिटांत मला चहा, गिरणीतलं दळण, लाइटचं बिल सगळं आठवतं. इथे आजूबाजूला पंचवीस माणसं गप्प बसलेली असली की ती शांतता तुम्हाला कॉलर धरून खाली बसवते. दोन रविवारांत माझी झोप सुधारली. कारखान्यात डावे पाय डावे यायला लागले. डॉक्टरने बीपी दोनदा मोजलं, त्याचा विश्वास बसेना.

राग मात्र होता तिथेच होता. उलट त्याला आता बैठक मिळाली.

बाईंचा एक नियम होता. शेवटची वीस मिनिटं अजिबात हलायचं नाही. डोळे, हात, पाय काहीच नाही. मुंगी चावली तरी चावू द्यायची. पहिल्याच रविवारी वर्ग सुटल्यावर चपला घालताना मधुकरराव नळाकडे बघून म्हणाले - आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, त्यामुळे नळाशी बोलायचो - "काही लोकांना वीस मिनिटं बूड टेकवून बसवत नाही. चुळबुळ नुसती."

मीही नळाला सांगितलं, "साखरवाल्यांनी बोलू नये. मधेच लघवीला उठायची वेळ येईल."

"उठणाऱ्यातला मी नाही."

"मीही नाही."

"मग होऊन जाऊ दे," मधुकरराव म्हणाले. "लग्नाआधी तीन रविवार आहेत. आधी हलेल त्याने माफी मागायची. मांडवात. सगळ्यांसमोर. माईकवर."

"माईकवर! कबूल."

माणसं मन शांत करायला ध्यान करतात. आम्ही त्याची कुस्ती केली. बाईंना ह्यातलं काही माहीत नव्हतं. त्या दोघी बहिणींना होतं. त्या बिचाऱ्या खूश होत्या, कारण कुणी ना कुणी हलणारच, मग माफी होणारच, आणि लग्नाला सगळे असणार.

डोळे मिटलेले असताना कोण हललं ते कळणार कसं? चटया. त्या प्लॅस्टिकच्या चटया बोट हललं तरी कुरकुरायच्या. मी वीस मिनिटं मागच्या चटईकडे कान लावून बसायचो. बाई म्हणायच्या स्वतःचा श्वास बघा. मी ह्या माणसाचा ऐकायचो. त्यांच्या एका नाकपुडीत बारीक शिट्टी वाजायची. आत घेताना नाही, सोडताना. त्या शिट्टीचा मला एवढा राग होता, की ती बंद पडावी असं मनात आलं नाही म्हणालो तर खोटं होईल.

पहिला रविवार, दुसरा रविवार... कुणी हललं नाही. माझे गुडघे जिना उतरताना रडायचे, पण तोंडावर मी भिक्खूचा भाव ठेवायचो.

तिसरा रविवार. लग्न पाच दिवसांवर.

शेवटची वीस मिनिटं सुरू झाली. हात गुडघ्यांवर, बोटं पुढे सरळ. बाई डोक्यापासून खाली एकेक भाग सांगत होत्या - "कपाळ... बघा. जबडा... सोडा. मान..." मानेशी आल्या आणि माझ्या पाठीत, दोन खवाट्यांच्या मधे, कुणीतरी मूठ दाबल्यासारखं झालं. वाटलं, बसून बसून आखडली असेल. मूठ पुढे आली. छातीत. तिथून जबड्यात, मग डाव्या खांद्यात, आणि खांद्यातून हातात उतरायला लागली. मी कापणारा माणूस आहे, बोटावरून मशीन गेलेली आहे माझ्या. पण अशी कळ मी आधी कधी भोगलेली नव्हती.

बाई सांगत होत्या, "वेदना आली तर पळू नका. नुसतं बघा. तिला माझी म्हणू नका."

म्हणून बघितलं. दुसरं करणार काय? आणि बघताना जे कळलं ते मी सात वर्षं लोकांना सांगतोय आणि लोक विषय बदलतायत.

ती कळ मला मापाने मोठी होत होती.

आता हे कसं लिहू... तिचा खांदा माझ्या खांद्याच्या बाहेर होता. कोपराचा ठणका होता तिथे माझं कोपर नव्हतं, बरंच खाली होतं. ती मनगटाशी आली, पंजात आली, बोटांच्या टोकाशी आली आणि तिथे थांबलीच नाही. माझी बोटं संपली त्याच्या पुढे, गुडघ्यापुढच्या रिकाम्या हवेत, साधारण अडीच इंच मला दुखत होतं. जिथे मी नाही तिथे दुखत होतं.

भांडणाआधी एकदा मी मधुकररावांचा सफारी शिवला होता. हाताचं माप मी घेतलेलं. लांब बाही साडेपंचवीस. माझी तेवीस. अशी मापं मी विसरत नाही.

हे मला तिथे, त्या क्षणी कळलं. नंतर सुचलेलं नाही. कळ त्यांची आहे हे मला स्पष्ट कळलं. आणि पाठीमागे ती शिट्टी मात्र शांत चालली होती, आधीपेक्षाही संथ, मधे मधे लांब खंड पडत.

इथे मी वळलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी वळलो नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हे नाटक आहे. हा माणूस काहीतरी करतोय मला हलवायला. दुसरं आलं, माईक. तीनशे माणसं, माईक, आणि मी. बाई छातीशी आल्या, पोटाशी आल्या, मी बसलो होतो. माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि मी बसलो होतो. बाई मांड्यांवरून पोटऱ्यांशी आल्या. मानेपासून पोटरीपर्यंत बाईंना चार मिनिटं लागतात. मी नंतर घड्याळ लावून मोजलंय. शिट्टीतला खंड एकदा फारच लांबला, तेव्हा मी वळलो. चटई केवढ्याने कुरकुरली!

मधुकरराव ताठ बसलेले होते. हात गुडघ्यांवर. चेहरा असा निवांत की मी त्यांना तसं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, ओठांवर चक्क हसू. फक्त ते ओठ निळसर झाले होते, रंग कागदासारखा झाला होता, आणि शर्ट घामाने भिजून अंगाला चिकटला होता.

"मधुकरराव! अहो!" मी खांदा हलवला.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"हललात तुम्ही," म्हणाले, आणि माझ्या अंगावर कलंडले.

त्या क्षणी माझ्या हातातली कळ गेली. कमी झाली नाही. गेली.

बाई ओरडल्या, कमलताई धावल्या, चौघांनी उचलून रिक्षात घातलं, जवळच्या नर्सिंग होमला नेलं. डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली, एक इंजेक्शन दिलं, आणि कल्याणला मोठ्या दवाखान्यात हलवायची गाडी बोलावली. मोठा अटॅक होता. "अजून पंधरा मिनिटं तिथेच बसले असते तर इथे आणायची गरज नव्हती," असं म्हणाले.

मी घाबरून माझ्या हाताचं सांगितलं. त्यांनी माझीही पट्टी काढली.

"तुमचं हृदय नव्यासारखं आहे."

"असणारच," सुनंदा म्हणाली. "वापर कमी."

मग मी विचारलं, "डॉक्टर, ते एवढे शांत कसे बसले होते?"

"डायबेटिस आहे ना त्यांना. अशा माणसांना कधी कधी अटॅक येतो आणि कळच येत नाही."

"मग ती जाते कुठे?"

"जाईल कुठे? येतच नाही म्हटलं ना."

मी उगाचच हात पाठीमागे घेतला.

लग्न महिनाभर पुढे ढकललं. मधुकरराव घरी आले तेव्हा मी गेलो. सहा वर्षांनी त्यांचा उंबरा ओलांडला. पलंगावर पडून होते, शेजारी गावाहून आलेले त्यांचे थोरले भाऊ.

"का आलात?" मधुकररावांनी विचारलं. निदान नळाला नाही विचारलं.

"हरलो. ठरल्याप्रमाणे माफी मागायला आलो."

"मांडवात ठरलं होतं."

"लग्नाला अजून अवकाश आहे. म्हटलं तोवर-"

"तोवर काय? मी टिकतो का नाही, म्हणून ॲडव्हान्स?"

थोरल्या भावांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "मला येक सांगा मास्तर. त्वांड पुढं, डोळं मिटल्यालं, आन पाठीमागच्या मान्साला काय व्हतंय ते तुमाला कळलं कसं? आमच्याकडं अशाला काय म्हंतात ठावं हाय ना?"

"दादा!" कमलताई कडाडल्या. "ह्या घरात तो शब्द काढायचा नाही. भाऊजी नसते तर आज मी कुठे असते?"

"त्येच म्हंतो. केल्यालं त्येनंच, उतरवल्यालं बी त्येनंच."

माझ्या वडिलांनी गाठोडं नदीत सोडलं, आणि त्यांच्या मुलावर करणीचा आळ! वडील असते तर मला आधी बडवलं असतं आणि चौकशी मग केली असती.

मधुकररावांनी सगळ्यांना बाहेर काढलं. दार लोटून घ्यायला सांगितलं. 

"कमल सांगत होती, तुमचा हात दुखत होता."

मी सगळं सांगितलं. बाहीचंही.

"दाखवा. कुठपर्यंत?"

मी डावा हात पुढे सरळ धरला आणि उजव्या हाताच्या बोटाने हवेत जागा दाखवली. माझ्या बोटांच्या पुढे, अडीच इंचावर. मधुकरराव उठून बसले. माझ्या खांद्याला खांदा भिडवून त्यांनी आपला डावा हात माझ्या हाताशेजारी लांब केला. त्यांचं मधलं बोट माझ्या त्या बोटाला येऊन लागलं.

दोघांनीही चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

मला वाटलं आता हा माणूस काहीतरी चांगलं बोलेल. डोळे भरले होते त्यांचे. पण ते रागाने.

"मला काही म्हणजे काही दुखत नव्हतं," ते म्हणाले. "जन्मात पहिल्यांदा मन लागलं होतं माझं. इतकं सुख... आणि ते तुम्ही मोडलंत. कमलला गेली असती ती कळ, तर समजलो असतो. पोरीला गेली असती. तुम्हालाच का? माझं दुखणं घ्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"मी घेतलं नाही. ते आलं."

"कळल्यावर लगेच वळलात?"

"लगेच," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. पुढे काही विचारलं नाही. मीही निघालो.

मांडवात मी माईक घेतला आणि म्हणालो, "मी आधी हललो. मधुकरराव, माफ करा." तीनशे लोकांपैकी दोनशे नव्वदांना वाटलं मास्तर पिऊन आलेत. मधुकररावांनी खुर्चीत बसून मान हलवली, हलवली म्हणजे इंचभर. सुनंदा भाचीला मिठी मारून रडली. त्या एका गोष्टीसाठी मी आणखी दहा माईक हातात घेतले असते, पण हे तिला सांगितलेलं नाही.

बाईंनाही मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हॉलमध्ये तेवढ्या माणसांत त्यांच्याकडे लक्ष लावून बसलेले तुम्ही एकटेच होता." बरं, मान्य. पण लक्ष लावून शिट्टी ऐकू येईल. बाही कशी मापात येईल? त्यावर बाई म्हणाल्या, "ते मला नाही माहीत," आणि हजेरीची वही मिटली. बाईंचं हेच मला आवडतं. मी अजून त्यांच्याकडे जातो, दर रविवारी.

मधुकरराव येत नाहीत. ते आता निवृत्त होऊन बदलापूरला राहतात, तब्येत जपून आहेत. लग्नाकार्यात भेटतो. बोलतो. "काय कसं काय", "बरं आहे". पण ते माझ्या शेजारी बसत नाहीत. मधे निदान चार खुर्च्या सोडतात, आणि मी चुकून सरकलो तर उठून जातात. ह्या माणसाला आपलं आतलं कळतं, असं त्यांना वाटतं. आणि ज्याला कळतं तो आपला माणूस नाही, ह्याची त्यांना चीड आहे. मला वाटतं मलाही असती.

कमलताई मात्र त्यांची साखर वाढली की आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करतात. मी बनियनवर धावत जातो.

"भाऊजी, ह्यांना सकाळपासून जरा बरं नाही. तुम्हाला काही दुखतंय का हो?"

मी डावा हात चाचपतो. बोटांच्या पुढची हवासुद्धा चाचपून बघतो, शेजाऱ्यांची मुलं हसतात. "नाही ताई. काही नाही." त्या निःश्वास सोडतात आणि फोन ठेवतात.

कळ माझ्याकडे कशी आली, ह्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ती चार मिनिटं मी कसा बसून राहिलो, ह्याचंही नाही, आणि ते मला कुणी विचारतही नाही. उद्या ती पुन्हा आलीच तर मी लगेच वळेन, असं इथे लिहून टाकायचा मोह होतोय. पण तुमचं सदर खऱ्या अनुभवांचं आहे.